जर्नलमधली दोन उत्तरे

२००६ च्या जून महिन्यात सीईटीचा निकाल लागला आणि माझ्या गुणांवर वैद्यकीय महाविद्यालयाचे दार उघडणार नाही, हे घरात कोणी न बोलताच सर्वांना कळून चुकले. वडिलांनी दोन दिवस विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "बी.एस्सी.ला नाव घालून ठेव, वर्ष वाया जायला नको." सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात जीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. करण्याचा अर्थ बहुतेक लोक एकच लावत असत : पोर डॉक्टर होणार होती, ते जमले नाही, म्हणून आता तिथे बसली आहे. पहिल्या वर्षी आमच्या वर्गात ऐंशी विद्यार्थी होते आणि त्यांतले निदान निम्मे तरी पुढच्या वर्षीच्या सीईटीची पुस्तके दप्तरात घेऊनच येत. मीही त्यांतलीच होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

आता मी स्वतः कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, आणि दर वर्षी प्रवेशाच्या दिवसांत एखादे तरी पालक समोर बसून विचारतात, की त्या तीन वर्षांत मुले नेमके शिकतात तरी काय. अभ्यासक्रमाची पुस्तिका उघडून दाखवली की प्रश्न संपतो : पेशीविज्ञान, वर्गीकरण, शरीररचना, शरीरक्रिया, आनुवंशिकी, परिस्थितिकी. मात्र माझ्यापुरते खरे उत्तर त्या पुस्तिकेत नसून माझ्या जुन्या जर्नलमध्ये, म्हणजे प्रात्यक्षिकांच्या वहीत आहे, आणि ते जर्नल फारसे अभिमानाने दाखवावे असे नाही.

पहिल्या प्रात्यक्षिकाला सूर्यफुलाच्या कोवळ्या खोडाचा आडवा छेद घ्यायचा होता. डाव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीत खोडाचा तुकडा उभा धरायचा, उजव्या हातात दाढीचे नवे ब्लेड पाण्याने ओले करून घ्यायचे आणि करवतीसारखे मागेपुढे न करता एकाच ओढीत आपल्याकडे ओढायचे, एवढेच सांगितले होते. पहिले वीस-पंचवीस काप भाजीला चिरलेल्या गवारीसारखे जाड निघाले. प्रयोगशाळेतले मामा, ज्यांनी असे छेद घेणाऱ्या मुलांच्या वीस-बावीस तुकड्या पाहिल्या होत्या, जवळ येऊन म्हणाले, "ताई, पूर्ण गोल निघायची हाव धरू नका. अर्धाच निघू द्या, पण पातळ निघू द्या." ते खरे होते. काचेच्या बशीतल्या पाण्यात जो काप तरंगताना जवळजवळ दिसेनासा होतो, तोच सूक्ष्मदर्शकाखाली उपयोगाचा असतो. तो ब्रशच्या टोकाने उचलून सॅफ्रॅनिन या लाल रंगात बुडवला, धुतला, ग्लिसरीनच्या थेंबात ठेवला आणि वर कव्हरस्लिप, म्हणजे पातळ काच, सोडली. आमचे सूक्ष्मदर्शक आरशाचे होते. त्यामुळे सर्व टेबले खिडकीकडे तोंड करून मांडलेली असत आणि जुलैमधल्या एखाद्या काळ्या ढगाबरोबर सगळ्या वर्गाची दृष्टी एकदम मंद होत असे.

मला त्या छेदात एक अत्यंत सुबक, गोल, जाड काळ्या भिंतीची पेशी दिसली. मी ती मोठ्या निगुतीने काढली, दोन टोके असलेल्या पेन्सिलीने छायाही दिली. मॅडम फिरत फिरत माझ्या टेबलाशी आल्या, त्यांनी आकृती पाहिली, भिंगातून पाहिले आणि विचारले, "ही कुठल्या ऊतीतली?" मी भीतभीत "जलवाहिनी" असे सांगितले. त्यांनी सुईच्या टोकाने कव्हरस्लिप अलगद दाबली आणि मला पुन्हा बघायला सांगितले. माझी पेशी सरकत सरकत कडेला गेली आणि बाहेर पडली. तो हवेचा बुडबुडा होता. "तुझी जलवाहिनी पळाली," एवढेच बोलून त्या पुढे गेल्या. बुडबुड्याच्या मागे राहिलेल्या जागेत लाल रंग घेतलेल्या खऱ्या जलवाहिन्या होत्या, वर्तुळात मांडलेल्या वाहिनीवृंदांच्या आतल्या बाजूला, आणि त्या पुस्तकातल्या आकृतीपेक्षा बऱ्याच वेड्यावाकड्या होत्या. मी नजर तिथे नेलीच नव्हती, कारण बुडबुडा अधिक नीटनेटका होता.

नीटनेटकेपणाचा हा मोह आमच्या जर्नलांना लागलेला रोगच होता. गेल्या वर्षीच्या एखाद्या मुलीचे 'फर्स्ट क्लास' जर्नल हातोहात फिरत असे, आणि वसतिगृहाच्या खिडकीच्या काचेवर कोरे पान आणि जुने पान एकावर एक धरून आकृत्या गिरवल्या जात. सुवाच्यतेला गुण असत, काटेकोरपणाला वेगळे गुण नसत. त्यामुळे दोष सगळा विद्यार्थ्यांचा होता असे मला आजही वाटत नाही. अशाच एका जर्नलमध्ये मक्याच्या खोडाच्या आकृतीत रसवाहिनी आणि जलवाहिनी यांच्या निर्देशरेषा उलट पडल्या होत्या, आणि ती चूक आमच्यापर्यंत येईतो किमान तीन वर्गांतून वाहत आली होती. मॅडमनी तपासायला घेतलेली जर्नले टेबलावर दोन ढिगांत लावली, चूक असलेली आणि चूक नसलेली, मग पहिल्या ढिगात आणखी एक लहान चूक शोधून त्याचे पुन्हा दोन भाग केले, आणि कोणी कोणाचे पाहून काढले ते नावानिशी सांगितले. आम्ही गार पडलो. पुढे दुसऱ्या वर्षी उत्क्रांतीच्या तासाला, सामाईक लक्षणांवरून पूर्वज कसा ओळखतात हे शिकवताना, त्यांनी फक्त एवढेच म्हटले, "तुमची जर्नलं आठवा." त्या दिवशी वंशवृक्ष ही कल्पना वर्गातल्या कोणालाही दुसऱ्यांदा समजावून सांगावी लागली नाही.

प्राणिशास्त्रात मात्र माझ्या हातून याहून वाईट गोष्ट घडली. झुरळाची चेतासंस्था उघडी करायची होती. क्लोरोफॉर्म दिलेले झुरळ मेणाच्या ट्रेमध्ये पाठ वर करून टाचण्यांनी टोचायचे, दोन्ही कडांनी कात्री चालवून पाठीकडचे कवच उचलायचे, वर पाणी घालायचे, म्हणजे आतले अवयव तरंगून मोकळे होतात. मग पांढरा मेदपिंड आणि अन्नमार्ग हलक्या हाताने बाजूला केला की तळाशी, पोटाच्या बाजूला, दुहेरी दोऱ्यासारखी पांढरी चेतारज्जू दिसते. तिच्यावर वक्षात तीन आणि उदरात सहा गाठी असतात. माझ्या झुरळात उदरातल्या पाचच गाठी होत्या, कारण सहावी मीच चिमट्याने अन्नमार्गाबरोबर उपटून काढली होती. जर्नलमध्ये मी सहा काढल्या. सरांनी सही केली.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राणिविच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या सूचना दिल्या आणि २०१४ मध्ये ते महाविद्यालयांतून बंद केले. दर वर्षी प्रत्येक महाविद्यालयात शेकडो जीव त्याच त्या आकृतीसाठी मारले जात होते, हे पाहिलेल्या कोणालाही तो निर्णय चुकीचा वाटणार नाही, मलाही वाटत नाही. फक्त एक बारीकशी कुरबूर मनात राहते, ती अशी की संगणकाच्या पडद्यावर उघडणाऱ्या झुरळाला नेहमी सहाच गाठी असतात, आणि आपण काहीतरी बिघडवले आहे हे कळण्याची वेळ तिथे कधी येत नाही.

दिवाळीनंतर वर्गातले काही जण पुन्हा सीईटीच्या शिकवणीला निघून गेले. मी राहिले, आणि त्यामागे कोणता ठाम निश्चय नव्हता. शिकवणीचे पैसे पुन्हा मागण्याचा धीर झाला नाही, हेच खरे कारण होते.

वर्गीकरणाने मात्र मला धरून ठेवले. दहावीपर्यंत मराठीत शिकल्यामुळे पेशी, केंद्रक, गुणसूत्र, हरितद्रव्य हे शब्द ओळखीचे होते. अकरावीत तीच मंडळी इंग्रजी वेष घालून आली तेव्हा फार जड गेले नाही. वनस्पती ओळखण्याच्या कुंजीत मात्र पानांच्या नुसत्या लवीसाठीच डझनभर विशेषणे होती, आणि ती पाठ होईनात. मग आजीच्या तोंडचे शब्द मदतीला आले. तुकतुकीत, लवदार, खरखरीत, लुसलुशीत, चरचरीत असे पानांचे प्रकार ती भाजी निवडताना सहज बोलून जायची, आणि त्यांतला प्रत्येक शब्द कुंजीतल्या कोणत्या ना कोणत्या विशेषणाशेजारी बसवता येत होता. वहीच्या समासात मी ती जोडी लावून ठेवली. ग्लॅब्रस म्हणजे तुकतुकीत, हे माझ्या डोक्यात आजही तसेच आहे.

आम्ही वापरत होतो तो ग्रंथ म्हणजे थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केलेली मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची. गंमत म्हणजे हे गृहस्थ पेशाने अभियंता होते आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. शंभर वर्षांनंतरही आपल्याकडचे रोपटे हातात घेऊन विद्यार्थी त्यांच्याच दारात उभे राहतात. कुंजीची रीत साधी असते : प्रत्येक पायरीवर दोन परस्परविरोधी विधाने, त्यांतले एक निवडायचे, आणि त्याने दाखवलेल्या पुढच्या जोडीकडे जायचे. एका पायरीवर चूक झाली तर पुढची दहा पायऱ्या बरोबर चढूनही माणूस भलत्याच माडीवर पोहोचतो.

मला मिळाला होता दगडी पाला, ज्याला काही ठिकाणी एकदांडी म्हणतात. शेतात खुरपे लागले की हाच पाला चोळून जखमेवर दाबत असू, त्यामुळे तो मला पूर्ण ठाऊक आहे अशी माझी समजूत होती. 'फूल एकेकटे, लांब देठावर. पाकळ्या पाच' असे लिहून मी कुंजीत शिरले आणि अर्ध्या तासात अशा कुळापाशी पोहोचले की ज्याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. मॅडमनी ते 'फूल' ब्लेडने उभे कापून भिंगाखाली ठेवायला सांगितले. ते एक फूल नव्हतेच. मधला पिवळा भाग म्हणजे दाटीने बसलेली कित्येक नळीसारखी फुले होती, प्रत्येकाला पाच दातांची कड, आत पाच पुंकेसरांचे परागकोश एकमेकांना चिकटून झालेली नळी आणि त्या नळीतून वर डोकावणारी दुभंगलेली कुक्षी. आणि मी ज्यांना पाकळ्या म्हणत होते ती बाहेरची पाच स्वतंत्र फुले होती, प्रत्येकाचे बीजकोश वेगळे, पुंकेसर मात्र एकाही फुलात नाहीत. खाली प्रत्येक बीजकोशावर पिसासारख्या केसांचा झुबका, जो पुढे वाऱ्यावर बी वाहून नेतो. लहानपणापासून जखमेवर चोळलेल्या त्या झाडाला मी प्रथमच पाहिले. हे झाड आपल्याकडचे नसून उष्णकटिबंधीय अमेरिकेतून आलेले आहे, हे कळल्यावर आजीला सांगितले, तर ती म्हणाली, "असंल. पर रगत इथलंच थांबवतंय ना?"

कुक यांची मांडणी ज्या बेन्थॅम आणि हूकर यांच्या पद्धतीवर उभी आहे ती १८६२ ते १८८३ या काळातली, म्हणजे डार्विनचा ग्रंथ येऊन गेल्यानंतरची असूनही वंशसंबंधांवर बेतलेली नाही. रुई आणि सदाफुली तिथे दोन वेगळ्या कुळांत आहेत. आता डीएनएच्या आधारावर केलेल्या वर्गीकरणात ती दोन्ही एकाच कुळात आली आहेत. परीक्षेत जुने लिहायचे आणि तासाला नवे ऐकायचे, असा आमचा दुहेरी संसार होता. त्याचा त्रास झाला, पण कुळ ही निसर्गात आयती पडलेली वस्तू नसून पुराव्यावरून माणसांनी केलेली मांडणी आहे, हेही त्याच गोंधळातून लक्षात आले.

तिसऱ्या वर्षी, २००८ च्या सप्टेंबरात, कासच्या पठारावर सहल गेली. साताऱ्यापासून हे पठार जेमतेम पंचवीस किलोमीटर, तरी आमच्यातल्या अनेकांनी ते फुलांसाठी कधी पाहिले नव्हते. युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटातील स्थळांबरोबर त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. आम्ही गेलो तेव्हा धुक्यात आम्ही आणि चार-दोन गुरे एवढीच वर्दळ होती. जांभ्या दगडाचा सडा, त्यावर बोटभर माती, आणि पावसाळाभर साचून राहणारे पाणी. अशा मातीत नत्र फार कमी असते, म्हणूनच तिथे कीटकभक्षी वनस्पती टिकतात, हे वाक्य मी पाठ केले होते. सीतेची आसवे या कीटकभक्षी वनस्पतीचे निळेजांभळे गालिचे पाहताना त्या वाक्याशी त्यांचा संबंध लागेना, कारण फुलात कीटक पकडण्यासारखे काहीच नव्हते. मॅडमनी एकच रोप चिखलासकट उचलले आणि पाण्याच्या बशीत हलवले. दोऱ्यांसारख्या बारीक फांद्यांवर टाचणीच्या डोक्याहून लहान, पारदर्शक पिशव्या लटकत होत्या. सापळा हा होता, जमिनीखाली. पाण्यातला सूक्ष्म जीव दाराशी असलेल्या केसाला लागला की सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास दार उघडते आणि पाण्यासकट तो आत ओढला जातो. हातभिंगातून पाहिले तेव्हा एका पिशवीत काहीतरी काळपट होते. ते काय होते ते मला ओळखता आले नाही, आणि या वेळी मी तसेच लिहिले.

सर्व गटांना मिळून ते एकच रोप उपटण्याची परवानगी होती. हर्बेरियमसाठीची, म्हणजे वाळवून जपायच्या नमुन्यांच्या संग्रहासाठीची रोपे आम्ही परतताना रस्त्याच्या कडेची आणि महाविद्यालयाच्या आवारातली, तणांपैकी घेतली. पावसाळ्यात रोपे वाळवणे हे एक स्वतंत्र तप असते. वर्तमानपत्रांच्या घड्यांत ठेवून वर दगडविटांचे वजन द्यायचे आणि कागद रोज बदलायचे. एक दिवस चुकला की पानांवर बुरशी. वसतिगृहातली सगळी रद्दी आम्ही संपवली, आणि तरी माझ्या पंधरापैकी चार नमुने काळे पडले.

वनस्पतींच्या शरीरक्रियेची प्रात्यक्षिके बरी झाली, एवढेच सांगता येईल. रेण्वीय जीवशास्त्राचे तर बरेही झाले नाही. फ्लॉवरच्या गड्ड्यातून मीठ, साबणाचे पाणी आणि बर्फात गार केलेले अल्कोहोल वापरून डीएनएचे पांढरे धागे काचेच्या कांडीवर गुंडाळले, ते मात्र प्रत्येकाने केले. पुढचे, डीएनएचे तुकडे जेलवर वेगळे करण्याचे यंत्र एकच होते आणि त्याभोवती तीस डोकी. मी त्या दिवशी मुख्यतः पुढच्या मुलीची वेणी पाहिली.

कांद्याच्या मुळांचे प्रात्यक्षिक मात्र विसरणे शक्य नाही. बाटलीच्या तोंडावर कांदा ठेवून तीन दिवसांत मुळे फुटतात. त्यांची टोके कापून अ‍ॅसेटिक आम्ल आणि अल्कोहोलच्या मिश्रणात ठेवायची, मग सौम्य आम्लात गरम करून मऊ करायची, अ‍ॅसिटोकार्मिनने रंगवायची आणि कव्हरस्लिपवर अंगठा दाबून पेशींचा एकेरी थर करायचा. कांद्याची गुणसूत्रे सोळा, आणि ती बऱ्यापैकी मोठी असल्याने पेशीविभाजनाच्या अवस्था त्यात उत्तम दिसतात, असे पुस्तक म्हणते. मी चार स्लाइड केल्या आणि सुमारे पाचशे पेशी पाहिल्या. जवळजवळ सगळ्या स्वस्थ बसलेल्या. एकाही पेशीत गुणसूत्रे मध्यरेषेवर आलेली, म्हणजे मेटाफेज अवस्थेतली, नव्हती. शेजारची मुलगी पुस्तकातून चारही अवस्था उतरवून मोकळी झाली होती, साडेपाचची एसटी गाठायची होती. झुरळाची ती सहावी गाठ मला त्या क्षणी का आठवली ते सांगता येणार नाही, पण मी लिहिले : "मेटाफेज आढळली नाही." मॅडमनी ते वाचून विचारले, "मुळं किती वाजता कापलीस?" दुपारी तीन वाजता, तास संपल्यावर. "सकाळी नऊच्या आत काप, आणि टोकाचे दोन मिलिमीटरच घे, वरचा भाग नको." दुसऱ्या दिवशी पहिल्याच स्लाइडमध्ये, विटकरी रंगाच्या पार्श्वभूमीवर, एका पेशीच्या मध्यावर गडद गुणसूत्रांची रांग लागलेली होती. मी पुस्तकातली आकृती उतरवली असती तर मुळे कापण्याच्या वेळेचा विषय निघाला नसता.

आता त्या दोन उत्तरांकडे येते. आनुवंशिकीच्या प्रात्यक्षिकाला विभागातल्या कपाटात जपून ठेवलेली मक्याची कणसे मिळाली. संकराच्या दुसऱ्या पिढीची, जांभळे आणि पिवळे दाणे मिसळलेली. गावाकडे भाजलेली किती कणसे खाल्ली असतील याची गणती नाही, परंतु कणसाचा प्रत्येक दाणा हे स्वतंत्र अपत्य असते, कणसाच्या शेंड्यावरच्या केसांपैकी प्रत्येक केस म्हणजे एकेका दाण्याकडे जाणारी वाट असते, आणि त्या वाटेने उतरलेला परागकण दुसऱ्या दाण्याच्या परागकणाहून वेगळा असू शकतो, हे मला तिसऱ्या वर्षापर्यंत माहीत नव्हते. एका कणसावर शेकडो भावंडे, म्हणून मेंडेलचा नियम मोजायला कणीस सोयीचे.

मी आणि माझी मैत्रीण एका जोडीत होतो. पहिल्या ओळीत टाचणी खोचून सुरुवात केली, ती "जांभळा, पिवळा" असे म्हणत गेली आणि मी रेघा मारत गेले. बारा ओळी, ३८४ दाणे. कणसाच्या ओळी सहसा समसंख्येतच असतात, हेही त्या दिवशी कळले. जांभळे २६१, पिवळे १२३. मेंडेलच्या तीनास एक या प्रमाणात २८८ आणि ९६ यायला हवे होते. काय-वर्ग, म्हणजे अपेक्षित आणि मोजलेल्या आकड्यांतल्या फरकाचे माप, काढला : १०.१३. पाच टक्क्यांच्या पातळीवर मर्यादा ३.८४, त्यापुढे गेले की फरक नुसत्या योगायोगाचा मानत नाहीत. आजूबाजूच्या जोड्यांची उत्तरे अर्धा, सव्वा, दोन अशी शहाण्यासारखी येत होती. मैत्रिणीने हळूच सुचवले की वीसेक दाणे इकडचे तिकडे केले तर कोण मोजायला बसणार आहे.

आम्ही खोडी करण्याआधी कणीस पुन्हा पाहिले, आणि तेव्हा लक्षात आले की काही दाणे ना जांभळे ना पिवळे. पिवळ्यावर जांभळे ठिपके असलेले. ती त्यांना पिवळे म्हणत आली होती. असे २१ दाणे निघाले. ते जांभळ्यांत धरले की २८२ आणि १०२, काय-वर्ग ०.५. आम्ही आनंदाने पहिले पान फाडायला निघालो.

मॅडमनी हात धरला. त्या म्हणाल्या, "पहिल्यांदा तुम्ही नियम ठरवलाच नव्हता. आता ठरवलात, पण उत्तर चुकलं म्हणून ठरवलात. बरोबर आलं असतं तर ठिपके दिसले असते का?" आमच्याकडे उत्तर नव्हते. मग त्यांनी मेंडेलचेच उदाहरण दिले. १८६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधात गोल दाणे ५४७४ आणि सुरकुतलेले १८५० आहेत, आणि १९३६ मध्ये फिशर या संख्याशास्त्रज्ञाने त्याचे सगळे आकडे एकत्र तपासून दाखवले की ते अपेक्षेच्या जरा जास्तच जवळ आहेत. त्याचे कारण काय यावर वाद अजून संपलेला नाही. संशयास्पद दाणा कोणत्या ढिगात टाकायचा, हे उत्तर ठाऊक असलेल्या हाताने ठरवले असावे, असेही एक मत आहे. "आणि ठिपक्यांना कचरा समजू नका," त्या जाता जाता म्हणाल्या. मक्याच्या दाण्यांवरच्या रंगांच्या अशाच ठिपक्यांचा आणि पट्ट्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास करून बार्बरा मॅक्‌क्लिंटॉक यांनी जनुके जागा बदलू शकतात हे दाखवले होते, आणि त्यांना १९८३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

आम्ही दोन्ही मोजण्या जर्नलमध्ये ठेवल्या. पहिलीखाली नियम नसल्याचे, दुसरीखाली नियम उशिरा केल्याचे लिहिले. त्या पानाला इतर पानांपेक्षा एक गुण कमी पडला, कारण खाडाखोड होती.

एप्रिल २००९ मध्ये अंतिम परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक चष्मा कपाळावर चढवून जर्नले चाळत होते आणि माझ्या त्या पानाशी थांबले. "एका प्रयोगाला दोन उत्तरं? यातलं खरं कुठलं समजायचं?" मी सांगितले की दोन्हींवर भरवसा ठेवता येणार नाही, नियम आधी लिहून तिसरे कणीस मोजायला हवे होते. "मग का नाही मोजलं?" कपाटातल्या उरलेल्या कणसांना टोके लागले होते, हे खरे कारण मी सांगितले, आणि ते कारण मला स्वतःलाच ऐकायला कसेनुसे वाटले.

त्यांनी आमच्या मामांना बोलावले, स्वतःच्या पिशवीतून एक कणीस काढून ट्रेमध्ये ठेवायला सांगितले आणि घड्याळाकडे पाहिले. "पाऊण तास आहे. आधी नियम लिही, मला दाखव, मग टाचणी लाव." मी उत्तरपत्रिकेवर लिहिले : 'दाण्यावर जांभळा ठिपका एक जरी असला तरी दाणा जांभळा धरला आहे, ठिपक्यांच्या दाण्यांची संख्या वेगळीही दिली आहे.' त्यांनी खाली सही केली. मी टाचणी खोचली आणि मोजायला सुरुवात केली. पहिल्या ओळीतला सातवा दाणा ठिपक्यांचा होता.